पडवीपुढचं मशीन

लाकूड कापायचं मशीन आमच्या घरात आलं तेव्हा माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवरा मुंबईत एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. वखार बंद झाली तेव्हा मालकाने त्याला एक जुनं मशीन देऊन वाटेला लावलं. तो ते गोधडीत गुंडाळून एसटीतून मांडीवर घेऊन आला. पोलादपूरला उतरून जीपने वर येताना त्याने ते कुणाला धरायलाही दिलं नाही. आमची वाडी कुडपणच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. घरं थोडी, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईत. गावात राहणारा आणि मशीन असलेला तो एकटाच, त्यामुळे आठवड्याभरात त्याला मोठा मान आला.

इथे मी त्याला 'तो' म्हणते आहे. जिवंत होता तोवर 'अहो' म्हणत होते.

पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे वाळलेलं लाकूड मिळत नाही. धुकं घरात शिरतं, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या होतात, रानातली काटकी पिळली तर पाणी निघेल अशी असते. म्हणून शिमगा झाला की लाकडं आणायला सुरुवात करायची आणि पाऊस लागायच्या आत पडवीच्या कडेला आणि माळ्यावर रचून ठेवायची. हे बायकांचं काम. मी रोज सकाळी दोन मोळ्या आणत असे. जाड लाकूड कुऱ्हाडीने फोडत असे. घरात मशीन आल्यावर मला वाटलं, आता निदान फोडण्याचं काम सुटेल.

तो मशीन घेऊन पोलादपूर, महाड, कधी खेडच्या अंगालाही जायचा. कुणाचं पडलेलं झाड, कुणाच्या लग्नाच्या जेवणाची लाकडं, कुणाची वाट अडवलेली फांदी. घरी मात्र मशीन खुंटीच्या खाली, गोधडीत. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "घरच्या चुलीला पेट्रोल जाळू काय? तू हायस की."

एका वर्षी घरामागचा मोठा ऐन वाऱ्याने आडवा झाला. ऐनाचं लाकूड कठीण, कुऱ्हाड टणकन परत येते. मी त्याच्या मागे लागले. चार दिवस त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी शेजारच्या दोघांना बसवून घेऊन त्याने मशीन सुरू केलं आणि तो ऐन कापला. पण कापला असा की एकेक ओंडका माझ्या मांडीएवढा उंच आणि दोन माणसांनाही ढळणार नाही असा जड. मशीन बंद करून तो म्हणाला, "घे. दिला कापून." ते दोघे हसले. तोही हसला. मग ते तिघे पडवीत चहा प्यायला बसले, आणि तो चहा मीच केला.

ते ओंडके मी उन्हाळाभर फोडत राहिले. तो मला मारायचाही, पण ते मी लिहीत बसत नाही. वाडीत बायकांना मारणारे आणखीही होते. ती ओंडक्यांची गोष्ट मात्र फक्त आमच्याच घरात घडली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी कशेडी घाटाच्या खाली एका ठिकाणी दरड आली आणि तिच्यासोबत झाडं आली. रस्ता मोकळा झाला तरी एका माणसाच्या बागेत काही झाडं अडकून पडली होती. त्याने ह्याला बोलावलं. एक झाड दगडाखाली दबून धनुष्यासारखं वाकलं होतं. असं ताणलेलं झाड कुठून कापायचं हे त्याला माहीत होतं. वीस वर्षं लाकडात काढलेला माणूस तो. पण त्या दिवशी घाई होती, किंवा कुणी बघत होतं. त्याने चुकीच्या बाजूने कापलं. झाड सुटलं आणि त्याच्या कमरेत बसलं.

महाड, मग मुंबई, मग पुन्हा महाड. दिवाळीनंतर त्याला घरी आणलं. कमरेखाली काहीच उरलं नव्हतं. पायाला टाचणी टोचली तरी कळत नसे. पडवीत खाट टाकली, कारण आतल्या खोलीत त्याला कोंडल्यासारखं व्हायचं. बागेच्या मालकाने मशीनही पोचवलं. धुऊन, पुसून. चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी जराशी वाकली होती तेवढीच.

त्या वर्षी शिमगा आला तेव्हा घरात मी, तो, सासू आणि मुलगी. मुलगी महाडला वसतिगृहात राहून शिकत होती, सुट्टीतच यायची. त्याला दोन वेळा गरम पाण्याने पुसावं लागे, कपडे रोज उकळावे लागत. पूर्वीपेक्षा दुप्पट लाकूड लागणार होतं आणि रानात जायला माझ्याकडे पूर्वीच्या निम्माही वेळ नव्हता. दीर शेजारच्या घरात राहतो. तो एक दिवस आला आणि मशीन उचलायला लागला. म्हणाला, गंजून जाईल, बाईमाणसाला त्याचा काय उपयोग. मी उंबऱ्यात उभी राहिले. सासू चुलीपाशी होती. ती उठलीही नाही. म्हणाली, "असू दे तिथं. माझ्या लेकाची वस्तू हाय." दिराने मशीन ठेवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी ते अंगणात आणलं. नवऱ्याला विचारलं, कसं सुरू करायचं. त्याने आधी विडी पेटवली. मग म्हणाला, "ओढ दोरी."

मी ओढली. तीन दिवस ओढली. खांदा भरून आला, तळहाताला फोड आले, पेट्रोलच्या वासाने डोकं दुखायला लागलं, पण मशीन नुसतं खोकायचं आणि गप्प बसायचं. तो खाटेवरून बघायचा. मी थांबले की म्हणायचा, "ओढ की गो. जोर संपला?" येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा. अपघात झाल्यापासून त्या तीन दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

चौथ्या दिवशी मी मशीन त्याच गोधडीत बांधून पोलादपूरला गेले. तिथे फवारणीचे पंप आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते. त्यांनी एक पुर्जा काढून माझ्यापुढे धरला. तो पेट्रोलने निथळत होता. "बाय, चोक देऊन किती दिवस ओढलंस ह्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन. त्यांनी पुर्जा फडक्याने पुसला. घरात कुणी सांगणारं नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, आहे.

त्यांनी मला दुपारपर्यंत बसवून घेतलं. पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं, पहिला खोकला आला की चोक कसा बंद करायचा, चेन किती सैल आणि किती घट्ट, दातांना कानस कशी लावायची. सगळ्यात शेवटी पट्टीच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या टोकानं लाकडाला कधी शिवायचं नाय. टोक लागलं की मशीन उलटं तुझ्या तोंडावर येतं." ही गोष्ट नवऱ्याला चांगली ठाऊक होती. त्याने ती मला सांगितली नव्हती. मशीन तीन दिवसांत एकदा जरी सुरू झालं असतं तर मी टोकानेच सुरुवात केली असती, कारण बघणाऱ्याला तेच सोपं वाटतं.

घरी आले, अंगणात मशीन ठेवलं, दोन वेळा दोरी ओढली आणि ते सुरू झालं. मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

पुढे मी शिकत गेले. पहिल्या वर्षी घरचंच लाकूड कापलं. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या बायका बोलवायला लागल्या. त्यांचे नवरे मुंबईत, आणि पुरुषाला बोलवायचं तर त्याच्या सवडीने थांबावं लागे. मी त्यांची लाकडं कापून द्यायची, त्या माझ्या लावणीला आणि कापणीला यायच्या. आधी पुरुष हसले. मग वादळात वरच्या घराच्या कौलांवर आंबा पडला, तेव्हा त्यांनीच हाक मारली.

तो मात्र थांबला नाही. खाटेवरून दिवसभर त्याचं तोंड चालू असे. मशीन कसं धरलंय, कशी उभी आहे, कुणाकडे बघते आहे, कुणाकडे गेली होती, इतका वेळ काय करत होती. लोकांसमोर फार घाण बोलायचा. हात चालत होते तेव्हा जे हातांनी करायचा ते सगळं आता तोंडात आलं होतं. सासू आत निघून जायची. मी हातातलं काम करत राहायचे.

मशीन चालू असलं की त्याचं ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तोवर मी लाकडं घराच्या मागे कापत होते, धूर आणि भुसा घरात येऊ नये म्हणून. ते सोडलं. लाकूड ठेवायची घोडी मी पडवीच्या समोर, वीसेक पावलांवर आणून मांडली. तो बोलायला लागला की मी दोरी ओढायची. त्याचं तोंड हलताना दिसायचं आणि आवाज यायचा नाही. कधी कधी कापायला काही नसतानाही मी मशीन नुसतं चालू ठेवून उभी राहायची. तो शेवटी दमून गप्प बसला की बंद करायची. वारा पडवीकडे असला की बारीक भुसा उडून त्याच्या अंगावर, त्याच्या चहात पडायचा. मला ते दिसायचं. घोडी दोन हात बाजूला सरकवली असती तरी चाललं असतं. मी सरकवली नाही. हे मला आवडत होतं. दिवसभराच्या कामात मला आवडणारी ती एकच गोष्ट होती.

असं तीन वर्षं चाललं.

तो दिवस वैशाखाच्या शेवटाकडचा. सासू सकाळच्या जीपने तुडीलला नणंदेकडे गेली होती. मुलगी त्या सुट्टीत जादा तासांसाठी महाडलाच राहिली होती. अंगणात ऐनाचं एक मोठं खोड आदल्या दिवशी ओढून आणलं होतं, त्याचे दोनच काप झाले होते. सासू जाताना त्या खोडाला ठेचकाळली आणि म्हणाली, येईपर्यंत हे हलव. मी त्याला पुसलं, भाकरी दिली, विडीचं बंडल आणि काडेपेटी उशाशी ठेवली. तांब्या रिकामा होता. तो भरायचा मी विसरले की भरला नाही, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

मशीन भरून सुरू केलं. तिसरा काप घेत होते तेव्हा तो बोलायला लागलेला दिसला. मान वाकडी करून, हात आपटत. रोजचंच. मी खाली बघून काप पुरा केला. चौथ्या कापाला मान वर केली तर तो खाटेच्या कडेला कलला होता आणि तोंड पूर्वीपेक्षा मोठं उघडत होतं. मी पाचवा काप घेतला. पुन्हा बघितलं तेव्हा तो खाटेखाली जमिनीवर होता, गोधडी अंगाखाली, आणि एका हाताने कशावर तरी आपटत होता.

मी खोडाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि पडवीकडे पाठ करून उभी राहिले.

मला आग दिसली नाही, हे खरं. कापसाची गोधडी ज्वाळेने पेटत नाही, आतल्या आत जळत जाते. तो खाली पडलेला दिसला, हेही तेवढंच खरं. माझ्या मनात काय आलं ते मी नीट सांगू शकते. पडू दे जरा, असं आलं. जमिनीवर पडून कसं वाटतं ते कळू दे. खोडाचे अजून पाच काप बाकी होते. ऐनाचं जाड खोड, एकेका कापाला वेळ लागतो. मी घाई केली नाही. पाचही घेतले आणि मग मशीन बंद केलं.

तो ओरडत नव्हता. घशातून एकसारखा बारीक आवाज येत होता. मग वास आला.

विडी गोधडीत पडली होती. त्याच्या पायांना काही कळत नव्हतं. धूर दिसला तेव्हा त्याला समजलं, आणि पाणी नव्हतं, म्हणून तो खाली पडला आणि हातांनी विझवत राहिला. पाय गुडघ्यांपर्यंत भाजले होते, ते त्याला दुखत नव्हते. हात मात्र दुखत होते. दोन्ही तळहातांची कातडी गेली होती.

मी हंडा ओतला. दिराला हाक मारली. त्याने आणि आणखी दोघांनी नवऱ्याला जीपमध्ये घातलं. महाडपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो डोळे मिटून होता. मला वाटत होतं, आता हा बोलेल. दवाखान्यात दिरासमोर, सगळ्यांसमोर बोलेल.

डॉक्टरांनी भाजल्याच्या खुणा बघितल्या आणि मला विचारलं, घरात कोण होतं, इतका वेळ कसा गेला. मी म्हटलं, मी अंगणात लाकडं कापत होते, मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हय. मशीन चालू होतं."

एवढंच. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याने ते माझ्यासाठी म्हटलं नव्हतं, एवढं मला कळलं.

तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो. सासू मधल्या दिवसांत दवाखान्यात येऊन घरी परतली होती. जीपमधून उतरले तेव्हा ती अंगणात उभी होती, खोड होतं त्या जागी. खोड नव्हतं. कापलेले ओंडके मी सोडून गेले तसेच एका ओळीत पडले होते, भुशाचे ढीग त्यांच्या मधेमधे. ती त्या ओळीकडे बघत होती; ती गेली तेव्हा दोनच काप झाले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं पुरं केलंस."

मी आत गेले. त्यानंतर ती त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते ओंडके मीच फोडले, मीच रचले. पावसाळा लागला. ती त्या रचलेल्या लाकडांना हात लावेना. पडवीच्या मागच्या बाजूला तिने तीन दगडांची वेगळी चूल मांडली. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर इरलं घेऊन पावसात काटक्या आणायला जायची. ओल्या काटक्या, फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे, खोकून खोकून वाकायची. त्या चुलीवर ती लेकाचं पाणी तापवायची, लेकाची भाकरी करायची आणि त्याच्या हातांना पट्ट्या असेपर्यंत स्वतः भरवायची. माझ्या चुलीवरचं तिने त्याला काही दिलं नाही. वाडीतल्या बायका विचारायच्या, काय गो, घरात एवढी लाकडं असून म्हातारी काटक्या का वेचते? मी म्हणायचे, म्हातारपण आहे, ऐकत नाही. त्या मान हलवायच्या. मला वाटतं दुसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

मी त्या लाकडांवर माझा स्वयंपाक केला. चांगलं लाकूड होतं, निखारा रात्रभर टिकायचा.

त्याने बोलणं सोडलं. सगळ्यांशी नाही, माझ्याशीच. तहान लागली तरी मागायचा नाही. मी समोरून गेले आणि तांब्या बघितला तर रिकामा असायचा, ओठ कोरडे असायचे. मी तांब्या भरायचे, तो प्यायचा. किती वेळ रिकामा होता हे मला कधी कळायचं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटायला लागलं. मी घोडी उचलून पुन्हा घराच्या मागे नेली आणि तिथे कापायला लागले.

चार महिन्यांनी, भातकापणी संपल्यावर, मी त्याची चादर बदलत होते तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "घोडी पुढं आण," म्हणाला. "पूर्वी कापत होतीस तिथं."

मी विचारलं, का.

"मला दिसाय पायजे," तो म्हणाला. "तुझा हात कधी तुटतोय ते बघायचंय मला."

आवाज चढवला नव्हता. गुरांना वैरण घालायला सांगावं तसं म्हणाला. मी चादर खोचली आणि बाहेर येऊन घोडी पुढे आणली. नाही म्हणता आलं असतं. का आणली, याचं उत्तर मी अनेकदा शोधलं आहे. तो माझ्याशी बोलला म्हणूनही असेल.

तो मरेपर्यंत, चार वर्षं, मी त्याच्यासमोर लाकूड कापलं. मशीन सुरू झालं की तो उशी मागे सरकवून बसायचा आणि माझ्या हातांकडे बघायचा. चेहऱ्याकडे नाही. पाय भाजल्यापासून जखमा भरत नव्हत्या, वास यायचा, अंगात ताप असायचा, तरी बसायचा. मला ते बघणं पाठीतून जाणवायचं. मी प्रत्येक ओंडका आधी पाचरी मारून पक्का करायला लागले. दर वेळी पेट्रोल भरताना चेन तपासायचे, पाय कुठे आहे ते बघायचे, पदर दोनदा खोचायचे. दमले की ताबडतोब थांबायचे, कारण हात दमल्यावरच चुकतो. इतकी वर्षं मशीन वापरणाऱ्या माणसाच्या अंगावर एखादा तरी व्रण असतोच. माझ्या अंगावर मशीनचा एकही नाही. एवढं सांभाळून मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलं नाही.

एकदा लाकडात खिळा होता. चेन तुटून फटकन मागे आली आणि माझ्या मनगटाजवळून गेली. मी मशीन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो खाटेवर अर्धा उठला होता. हात शाबूत आहे हे दिसल्यावर तो पुन्हा उशीला टेकला. "थोडक्यात गेला," म्हणाला. मी म्हटलं, "हो." आम्हा दोघांच्या संसारात आम्ही इतकं सरळ एकमेकांशी फार थोड्या वेळा बोललो असू.

तो गेला आषाढात. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा आत गेल्या होत्या, तापाने तीन दिवसांत संपला. पाऊस तुफान होता. वाळलेली लाकडं होती, पण चितेला लागतात तशी लांब आणि जाड कापलेली नव्हती. मी मशीन काढलं. दिराने ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाला, आज तरी बाईने कापायचं नाही, लोक काय म्हणतील. मी आत जाऊन बायकांमध्ये बसले. मुलगी माझ्या शेजारी होती, सासू त्याच्या उशाशी. बाहेर मशीन सुरू झालं आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज बदलला. दीर चेन मातीत घालत होता. ओंडका वर उचलायचं कळत नव्हतं त्याला. एकेक दात बोथट होताना मला आत ऐकू येत होता. समोर नवऱ्याचं प्रेत होतं आणि माझं सगळं लक्ष त्या चेनकडे होतं. बायकांना वाटलं, मी दुःखाने दगड झाले. एकीने मला जवळ घेतलं. मी म्हणाले, "त्याला सांगा कुणीतरी, खाली दगड लागतोय." तिला काही कळलं नाही.

सासू त्यानंतर तीन वर्षं जगली. तिची चूल वेगळीच राहिली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिचं सगळं केलं आणि तिने करू दिलं. माझ्या हातचं पाणी घेतलं, भात घेतला. एकदा तिचे केस विंचरत असताना मी म्हटलं, "आत्या, मला दिसला होता तो खाली पडलेला." ती म्हणाली, "मला सांगून काय करतेस." तिने मान दुसऱ्या बाजूला वळवली, आणि मी त्या बाजूचे केस विंचरले.

जुनं मशीन कधीच मोडीत गेलं. आता दुसरं आहे, हलकं, कमी धूर करणारं. गॅसही आला आहे, पण पावसाळ्यात सिलिंडरची गाडी वर येत नाही आणि आंघोळीच्या पाण्याला गॅस कोण जाळतो. लाकूड लागतंच. दोन वर्षांपासून माझी बोटं थंडीत पांढरी पडतात, त्यांना काही लागलेलं कळत नाही. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मशीनच्या हादऱ्याने होतं असं, आता थांबवा.

हे मुलीला कळल्यावर ती मला न्यायला आली. तिचं लग्न होऊन ती डोंबिवलीला असते, नोकरी करते. म्हणाली, आई, पुरे झालं, घराला कुलूप लाव आणि चल. दोन दिवस राहिली. माझे कपडे तिने स्वतः पिशवीत भरले. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो, ती शेंगा सोलत होती. मला वाटलं, हिच्या घरात राहायला जायचं तर हिला माहीत असलं पाहिजे. मी सगळं सांगितलं. पाठ केली ते सांगितलं. किती काप बाकी होते तेही सांगितलं.

ती शेंगा सोलत राहिली. सगळ्या संपल्यावर टरफलं गोळा केली आणि म्हणाली, "आजीने सांगितलं होतं मला. मी म्हटलं होतं, आजी खोटं बोलते."

रात्री जेवली, झोपली. सकाळी तिने माझी पिशवी उघडली आणि कपडे काढून घडीवर घडी नीट कपाटात ठेवले. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. म्हणाली, मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग बघू. माझ्या पाया पडली आणि जीपमध्ये बसली.

परीक्षा होऊन गेल्या, पुढच्याही झाल्या. ती दर रविवारी फोन करते. न चुकता करते. तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते, भात लावून झाला का विचारते. गेल्या रविवारी मी सांगितलं की पाऊस खूप आहे, कशेडीत पुन्हा दरड आली, गाड्या अडकल्या आहेत. ती म्हणाली, मग लाकडं भरली आहेस ना पुरेशी? मी म्हटलं, हो, माळा भरला आहे. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारतंय असं सांगून तिने फोन ठेवला.